रोजच्या बोलण्यातले अलंकार



माझ्या नावापुढे ‘अलंकार’ हा विषय छापलेला पाहून कित्येकांना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य कामगारांच्या सभा, अर्ज आणि वाटाघाटी यांत गेले व ज्याने कॉलेजची पायरी कधी चढली नाही, त्याने साहित्यशास्त्रावर बोलावे, हे लोहाराने सोनाराच्या दुकानात जाऊन बसण्यासारखे आहे. परंतु कामगार संघटनेच्या माणसाजवळ शब्दावाचून दुसरे भांडवल नसते. शब्द कसा चालतो, कोठे अडतो आणि कोठे फसवतो हे त्याला शिकावेच लागते. व्याकरणाची व साहित्यशास्त्राची पुस्तके मी परीक्षेसाठी वाचली नाहीत; अडले म्हणून वाचली. त्यातून जे हाती लागले ते शाळकरी मुलांना कसे सांगावे, एवढाच आजचा विषय आहे. पंडितांना यात नवे काही सापडणार नाही. ज्यांच्या घरी शिकणारी मुले आहेत, त्यांना थोडेफार सापडावे अशी आशा आहे.

आमच्या संघटनेच्या खोलीत संध्याकाळी कामगारांच्या मुलांचा अभ्यास घेतात. तेथे सातवीतल्या एका मुलीने मला उपमा अलंकाराची व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. एकही शब्द चुकला नाही. मी म्हटले, “छान. आता तुझ्या मनाने एक उदाहरण दे.” मुलगी गप्प झाली. पुस्तकातले उदाहरण तिला पाठ होते, पण ‘तुझ्या मनाने’ म्हटल्यावर तिला वाटले की आपल्या मनात अलंकार कोठून असणार? ते कवींच्या घरी असतात. इतक्यात तिची आई तिला न्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, “चल गं लवकर. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापलीय, पाणी मारायचंय.” मी मुलीला म्हटले, “घे. तुझ्या आईने उदाहरण दिले.” ती आधी आईकडे, मग माझ्याकडे पाहून हसू लागली. त्या दिवसापासून मी अलंकार शिकवताना कवितेपासून सुरुवात करीत नाही. पत्र्याच्या खोलीपासून करतो. कविता मागाहून येते आणि मग ती परकी वाटत नाही.

प्रथम ‘अलंकार’ हा शब्दच पाहू. आपण त्याचा अर्थ दागिना असा करतो, आणि म्हणून मुलांची समजूत होते की भाषा आधी तयार असते व मग तिच्या अंगावर दागिने घालतात. गरिबाच्या भाषेला ते परवडत नाहीत. पण संस्कृतात ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. जे बोलणे पुरेसे करते, ते अलंकरण. ‘खोली तापली आहे’ एवढ्याने त्या बाईचे सांगणे पुरे होत नव्हते. किती तापली, तेथे राहणाऱ्याचे काय होते, हे सारे ‘भट्टी’ या एका शब्दाने पुरे झाले. साधा शब्द अपुरा पडला म्हणून तिने अलंकार वापरला, नटण्यासाठी नव्हे. ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीतेचा कठीण विचार सामान्य माणसाला सांगितला, तो आई आणि मूल, दिवा, पाणी, शेत अशा रोजच्या उपमांच्या आधाराने. तेथेही उपमा सजावटीला आलेली नाही, समजावण्याला आलेली आहे.

आता उपमेचे चार भाग. ज्याच्याविषयी बोलायचे ते उपमेय, येथे खोली. ज्याच्याशी तुलना करायची ते उपमान, येथे भट्टी. दोहोंत असलेला सारखा गुण तो साधारण धर्म; येथे तापणे. आणि तुलना दाखवणारा शब्द तो साम्यवाचक, येथे ‘सारखी’. मुलांना उपमेय कोणते व उपमान कोणते यात नेहमी गोंधळ होतो. त्यावर माझा एक उपाय आहे. या दोन्ही शब्दांच्या पोटात ‘मा’ म्हणजे मोजणे हा धातू आहे. ज्याला मोजायचे ते उपमेय, ज्याने मोजायचे ते उपमान. वाण्याच्या तागडीत एका पारड्यात ज्वारी असते आणि दुसऱ्यात किलोचे माप. ज्वारी हे उपमेय, माप हे उपमान. माप सगळ्यांच्या ओळखीचे असावे लागते, नाहीतर मोजल्याचा उपयोग नाही. म्हणूनच जी भट्टी ऐकणाऱ्याने पाहिली आहे, तिचीच उपमा द्यावी. ज्या मुलाने समुद्र पाहिला नाही त्याला समुद्राची उपमा देऊन काय समजणार?

एकदा उपमा हाती आली की पुढचे बरेचसे अलंकार तिच्यातूनच निघतात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढच्या पंडितांनी त्यांची संख्या वाढवत नेली, आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’त ती शंभरावर गेली. पण याच अप्पय्य दीक्षितांनी दुसऱ्या एका ग्रंथात उपमेला अनेक सोंगे घेणाऱ्या नटीची उपमा दिली, आणि मुख व चंद्र ही एकच जोडी घेऊन ती सोंगे दाखवली. मी तीच युक्ती उसनी घेतो. फक्त मुख व चंद्र यांच्या जागी आपली खोली आणि भट्टी ठेवतो.

‘खोली भट्टीसारखी तापली आहे’, ही उपमा. ‘खोली जणू भट्टीच’ म्हटले की उत्प्रेक्षा. येथे साम्य सांगून न थांबता आपण कल्पना करू लागलो. ‘ही खोली म्हणजे भट्टी’ म्हटले की रूपक; येथे दोन्ही वस्तू एकच झाल्या. ‘ही खोली नव्हेच, भट्टी आहे’, ही अपन्हुती; येथे उपमेयाला नाकारले. ‘ही खोली म्हणावी की भट्टी?’ हा ससंदेह. ‘भट्टी परवडली, पण ही खोली तिच्याही वरताण’, हा व्यतिरेक. येथे उपमेयाने उपमानावर मात केली. शेजारीण भट्टी समजून खरोखरच शेंगा भाजायला आत आली, तर तो भ्रांतिमान. ‘या खोलीसारखी तापणारी खोली हीच’ म्हटले तर अनन्वय. तिला मोजायला दुसरे मापच उरले नाही. आणि ‘भिंतीला पापड लावला तर भाजून निघेल’ म्हटले, की अतिशयोक्ती. नऊ अलंकार झाले, आणि आपण खोलीच्या बाहेर पाऊलही टाकले नाही. मुलांना हा खेळ फार आवडतो. एकदा एका मुलाने खोली काढून तेथे आपल्या वडिलांची सायकल घातली आणि भट्टीऐवजी गाढव घेतले. वडील समोरच बसले होते. पण नवांपैकी सात अलंकार त्याचे बरोबर आले, तेव्हा त्यांनीही मनावर घेतले नाही.

अतिशयोक्तीपाशी एखादे हुशार मूल हमखास विचारते, “मग अतिशयोक्ती आणि खोटे बोलणे यांत फरक काय?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. त्याचे सरळ उत्तर आहे. अतिशयोक्तीत बोलणारा व ऐकणारा या दोघांनाही ठाऊक असते की हे वाढवून सांगितले आहे. पापड भिंतीला भाजत नाही हे शेजारणीलाही कळते. खोटे बोलण्यात मात्र एकालाच ठाऊक असते. सभेला हजार माणसे आली असता ‘सारे शहर लोटले’ असे मी म्हटले, तर ती अतिशयोक्ती. ‘पाच हजार आले’ असे मोजून सांगितले, तर ते खोटे. आकडा घातला की अलंकाराची सवलत संपते.

आतापर्यंतचे अलंकार अर्थाचे झाले. दुसरा वर्ग शब्दांच्या नादाचा. एकच अक्षर पुन्हा पुन्हा आले की अनुप्रास. ठरावीक जागी तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने किंवा वेगळ्या शब्दात परत आली की यमक. ‘हक्काची हजेरी, हातात मजुरी’ अशी घोषणा आम्ही एकदा केली होती. तीत ‘ह’चा अनुप्रास आहे, आणि हजेरी-मजुरीत ओबडधोबड का होईना, पण यमक आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी नाद हीच वही असते. जात्यावर बसून आपल्या आज्या-पणज्यांनी ओव्या रचल्या आणि कागदावाचून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, त्या याच नादाच्या बळावर. श्लेषात एकाच शब्दातून दोन अर्थ निघतात. ‘कांद्याला भाव नाही आणि पिकवणाऱ्यालाही’, या वाक्यात भाव एकदाच आला आहे, पण कांद्यापुढे त्याचा अर्थ किंमत आणि माणसापुढे किंमत देणे, म्हणजे मान, असा होतो. व्याजस्तुतीत वरून स्तुती आणि आतून निंदा असते. ‘साहेब फार दयाळू, आम्हाला ओझे होऊ नये म्हणून त्यांनी पगाराचे पाकीटच हलके केले.’ हा अलंकार आमच्या लोकांना शिकवावा लागत नाही.

काही अलंकार वापरून वापरून इतके गुळगुळीत होतात की ते अलंकार आहेत हेच आपण विसरतो. जुन्या नाण्यावरचा छाप पुसला तरी नाणे चालते, तद्वत् हे चालतात. त्यांना आपण वाक्प्रचार म्हणतो. ‘पोटावर पाय देणे’ म्हणताना आता कोणाच्या डोळ्यांपुढे पोट येत नाही की पाय येत नाही. मुलांना मी सांगतो, एकदा ते चित्र डोळ्यांपुढे आणा. आडवा पडलेला माणूस, आणि त्याच्या पोटावर दुसऱ्याचा पाय. मग हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करण्यापुरता राहत नाही.

यानंतर चेतनगुणोक्ती. निर्जीव वस्तूला सजीवासारखे वागवणे. ‘भोंग्याने हाक मारली’, ‘आज यंत्र रुसले आहे’, हे कामगार सहज बोलतो. जन्मभर ज्या यंत्रापाशी उभे राहायचे त्याच्याशी माणूस माणसासारखा वागतो, यात गोडवा आहे. पण येथेच मला एक गोष्ट फार उशिरा कळली. अपघात झाला की आमच्यात म्हणतात, ‘यंत्राने बोट खाल्ले.’ बोलायला ठीक आहे. दुःख त्यातून बाहेर पडते. परंतु एका कामगाराच्या नुकसानभरपाईच्या अर्जात मी तेच वाक्य थोडे शुद्ध करून लिहिले आणि एका अनुभवी वकिलांनी ते वाचून अर्ज माझ्यासमोर ठेवला. ते म्हणाले, “यंत्राला भूक लागत नाही. त्यावर झाकण होते का?” झाकण नव्हते. ते काढून ठेवले होते आणि पुन्हा बसवले नव्हते. 1948 सालच्या कारखाने कायद्याने यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घालणे मालकावर बंधनकारक केले होते. माझ्या वाक्यात यंत्र खाणारे झाले, कामगार खाल्ला गेला, आणि झाकण न बसवणारा माणूस वाक्यातूनच नाहीसा झाला. अलंकार चुकीचा नव्हता. जागा चुकीची होती.

ही जागा ओळखण्यासाठी आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत. त्यांची नावे अवघड वाटतात, पण वस्तू सोपी आहे. शब्दाचा सरळ कोशातला अर्थ देते ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून जवळचा दुसरा अर्थ घ्यावा लागतो, ती लक्षणा. ‘कारखाना संपावर गेला’ म्हटले तर विटा आणि पत्रे संपावर जात नाहीत. आपण ‘कामगार’ असा अर्थ घेतो. आणि सरळ अर्थ तसाच राहून त्याच्या पलीकडचे काही सुचते, ती व्यंजना. ‘भोंगा झाला’ एवढेच वाक्य घ्या. निघालेल्या कामगाराला त्यातून ऐकू येते, ‘उशीर झाला’. घरच्या बाईला ऐकू येते, ‘आता माणसे येतील, तवा ठेव’. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला ऐकू येते, ‘गिऱ्हाईक आले’. वाक्य एक, अर्थ एक, पण सुचणे प्रत्येकाचे वेगळे. काश्मीरच्या आनंदवर्धनांनी नवव्या शतकात ‘ध्वन्यालोक’ लिहिला आणि हे सुचणे, म्हणजे ध्वनी, हाच काव्याचा आत्मा मानला. मुलांना मी एवढेच सांगतो: कविता व्यंजनेने वाचावी, गप्पा लक्षणेने माराव्या, आणि ज्याच्याखाली सही किंवा अंगठा करायचा तो कागद अभिधेने वाचावा.

आता सर्वांत महत्त्वाचे, ते रूपकाविषयी. उपमा आणि रूपक यांत ‘सारखे’ या एका शब्दाचा फरक आहे, असे शाळेत सांगतात आणि ते खरे आहे. पण त्या एका शब्दाने केवढा फरक पडतो, हे मी पुस्तकात शिकलो नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप झाला. पहिल्या दिवशीच्या द्वारसभेत मी म्हणालो, “ही लढाई आहे, आणि लढाईत मागे फिरतो तो फितूर!” टाळ्या पडल्या. वाक्य मलाही आवडले, म्हणून मी ते रोज वापरले. एकेचाळिसाव्या दिवशी मालकांकडून तडजोड आली. मागणीच्या निम्म्याहून थोडे अधिक मिळत होते आणि कोणालाही कामावरून काढणार नव्हते. माझ्या मते ती पत्करण्याजोगी होती. मी सभेत तसे सुचवायला उभा राहिलो. दोन वाक्ये बोललो असेन नसेन, तोच मागून एक वयस्क कामगार उठला आणि शांतपणे म्हणाला, “भाऊ, फितूर कोणाला म्हणतात हे तुम्हीच सांगितलं होतं.” त्यावर मला उत्तर सुचले नाही. तडजोड फेटाळली गेली. तीन आठवड्यांनी आम्ही त्याहून कमी घेऊन कामावर गेलो. त्या तीन आठवड्यांत कोणाच्या घरातले काय काय गहाण पडले, ते मला ठाऊक आहे.

दोष त्या कामगाराचा नव्हता. त्याने माझे रूपक खरे मानले होते. ‘हा संप लढाईसारखा आहे, धीर लागेल, एकजूट लागेल’ असे मी म्हटले असते, तर ‘सारखा’ या शब्दाने एक दार उघडे राहिले असते. सारखा म्हणजे काही बाबतींत सारखा, सर्व बाबतींत नव्हे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळते. रूपक ते दार लावून घेते. संप आणि लढाई यांत धीर सारखा आहे, एकजूट सारखी आहे. पण संप संपल्यावर दोन्ही बाजूंना दुसऱ्या दिवशी त्याच दारातून आत जायचे असते. लढाईत तसे नसते. हा फरक मी माझ्या वाक्याखाली झाकून टाकला होता, आणि प्रथम तो माझ्यापासूनच झाकला गेला.

म्हणून मुलांना रूपक शिकवताना मी तीन प्रश्न विचारायला लावतो. कोणाला काय म्हटले? त्यासाठी कोणता गुण घेतला? आणि कोणते गुण गाळले? पहिले दोन प्रश्न शाळेत विचारतात. तिसरा विचारीत नाहीत, आणि आयुष्यात तोच उपयोगी पडतो. ‘आपला कारखाना म्हणजे एक कुटुंब’ असे कोणी म्हटले तर राग धरू नये. माया हा गुण घेतला, चांगले झाले. पण गाळले काय? मंदी आली म्हणून कुटुंबातल्या धाकट्याला घराबाहेर काढीत नाहीत. मोबाईलवर मागणी घेऊन सामान घरपोच करणारी मुले आता गावोगाव दिसतात. कित्येक कंपन्या त्यांना नोकर न म्हणता भागीदार म्हणतात. सन्मान घेतला, गाळले काय? भागीदाराला नफ्यात वाटा असतो आणि हिशेबाची वही पाहण्याचा हक्क असतो. आणि हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारला पाहिजे. ‘संघटना आमची आई’ असे आमच्या सभांत म्हणतात. आई म्हटले की माया आली. पण आईकडे कोणी वर्गणीचा हिशेब मागत नाही. संघटनेकडे तो मागितलाच पाहिजे. आईच्या नावाखाली हिशेब लपला, तर ते रूपक फोडणे हे सभासदाचे कर्तव्य आहे.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की अलंकार टाळावेत. ते टाळता येत नाहीत. मी आज तासभर त्यांच्याविषयी बोलताना त्यांच्याशिवाय बोलू शकलो नाही. लोहार, सोनार, नाणे, दार, सगळी मदतीला आली. अलंकार गेले तर त्या बाईला आपली खोली किती तापते हे कोणाला सांगता येणार नाही, आणि ज्याचे दुःख सांगता येत नाही त्याच्यावर इलाज होत नाही. सांगायचे इतकेच, की मुलाला अलंकार ओळखता यावा, करता यावा आणि उलगडताही यावा. ओळखण्याला गुण मिळतात. करण्यात आनंद मिळतो. उलगडता आला तर मूल सहसा फसत नाही, आणि दुसऱ्याला फसवायलाही कचरते.

शिक्षकांना आणि पालकांना माझी एक साधी विनंती आहे. मुलाला एक लहान वही करून द्या. आठवडाभर घरात, नळावर, बसमध्ये, बाजारात ऐकलेली सारखे, जणू, म्हणजे, की असे शब्द असलेली वाक्ये त्याने लिहावीत. रविवारी त्यांतली चार वाक्ये घेऊन त्याच्याबरोबर बसा. उपमेय कोणते, उपमान कोणते, गुण कोणता घेतला, कोणता गाळला, एवढे बोला. शेवटी तेच वाक्य अलंकार काढून सरळ म्हणायला सांगा, म्हणजे काय गेले आणि काय उघडे पडले हे त्याचे त्यालाच दिसेल. यासाठी पदवी लागत नाही. मला लागली नाही.

आणि ती मुलगी? तिने पुढच्या आठवड्यात स्वतःचे उदाहरण आणले. ‘आमची खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी आणि पावसाळ्यात गाळणीसारखी असते.’ मी म्हटले, दोन्ही उपमा उत्तम. मग तिनेच तिसरा प्रश्न विचारला: “काका, पण गाळणी मुद्दाम तशी केलेली असते ना?” त्या छपराचे काय करायचे हा प्रश्न आता तिच्या चाळीच्या बैठकीत निघाला आहे. तेथे मात्र आम्ही अर्ज अभिधेत लिहिणार आहोत: पत्रे किती, भोके किती, आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची.